वॉर्डात नव्याने रुजू होताना: प्रौढ रुग्णाची पाहणी आणि निर्णय

बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) असो, म्हापशाच्या किंवा मडगावच्या जिल्हा इस्पितळात असो, की एखाद्या खासगी इस्पितळाच्या वीस खाटांच्या वॉर्डात, नवीन परिचारिकेचा हात सलाइन लावण्यावर आणि इंजेक्शन देण्यावर लवकर बसतो. बराच काळ अवघड जाते ते ठरवणे: आधी कोणाकडे जावे, कोणता आकडा मनावर घ्यावा, आणि डॉक्टरांना रात्री दोन वाजता उठवावे की सकाळच्या राउंडपर्यंत थांबावे. मेडिसिन आणि सर्जरी या दोन्ही वॉर्डांतल्या प्रौढ रुग्णांच्या बाबतीत हे ठरवणे कसे करावे, याचा क्रम पुढे दिला आहे. औषधांच्या मात्रा आणि उपचारांचे आदेश प्रत्येक इस्पितळाच्या लेखी नियमांप्रमाणे व डॉक्टरांच्या सूचनेप्रमाणेच पाळायचे आहेत, हे गृहीत धरले आहे.

हँडओव्हर खाटेपाशीच घ्यावा

टेबलापाशी बसून केस पेपर वाचत घेतलेला हँडओव्हर (पाळी बदलताना रुग्णांची सोपवणूक) वेळ वाचवतो, पण रुग्ण दाखवत नाही. आधीच्या ड्युटीच्या सिस्टरबरोबर खाटेखाटेने फिरावे आणि प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: गेल्या पाळीत या रुग्णात काय बदलले, कोणते काम किंवा कोणता रिपोर्ट अजून राहिला आहे, आणि तुम्हाला स्वतःला याची काळजी वाटते का. तिसरा प्रश्न कोणत्याही फॉर्मवर छापलेला नसतो, पण अनुभवी सिस्टर पुष्कळदा तिथेच खरी माहिती देते. ‘आकडे ठीक आहेत, पण मला तो सकाळसारखा वाटत नाही’ असे तिने म्हटले, तर त्या रुग्णाचे नाव यादीत सर्वांत वर लिहावे.

त्याच फेरीत डोळ्यांनी पाहून घ्यायच्या गोष्टीही असतात. सलाइनचा वेग सांगितल्याप्रमाणे आहे का, व्हेनफ्लॉनची (शिरेत बसवलेल्या बारीक नळीची) जागा लाल झाली किंवा सुजली आहे का, ऑक्सिजनचा फ्लोमीटर किती लिटरवर आहे, ड्रेनमध्ये (जखमेतला स्राव बाहेर काढणाऱ्या नळीत) काय आणि किती आहे, युरोबॅगमधली लघवी केव्हा मोजली होती, हे सगळे दोघींनी मिळून पाहिले म्हणजे पुढे ‘माझ्या ड्युटीत तसे नव्हते’ हा वाद उरत नाही. फेरी संपल्यावर खाटेच्या क्रमाने कामाला लागू नये. ज्याची तब्येत बदलते आहे तो पहिला, आजच ऑपरेशन होऊन आलेला दुसरा, आणि घरी जाण्याच्या तयारीत असलेला शेवटी, असा क्रम मनाशी लावावा.

यंत्र लावण्याआधी रुग्णाकडे पाहावे

खाटेजवळ गेल्यावर रुग्णाचे नाव विचारावे आणि उत्तर ऐकावे. पूर्ण वाक्यात, नीट आवाजात उत्तर आले तर श्वासमार्ग मोकळा आहे, बोलण्याइतका श्वास पुरतो आहे आणि मेंदूला रक्त पोचते आहे, एवढे एका क्षणात कळते. दोन शब्दांनंतर थांबून दम घेणारा माणूस ‘मी बरा आहे’ म्हणत असला तरी तो बरा नसतो. त्यानंतर क्रम ठरलेला आहे: श्वासमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण, शुद्ध, आणि शेवटी पांघरूण बाजूला करून अंग, जखम व पाय पाहणे. या क्रमात जिथे गडबड आढळेल तिथेच थांबून मदत बोलवावी आणि उपाय सुरू करावा. श्वास घरघरत असताना पायाची सूज लिहीत बसू नये.

श्वासाचा दर पूर्ण एक मिनिट मोजावा. नाडीवर बोट ठेवून, नाडी मोजत असल्याचे भासवत छातीकडे पाहावे, कारण आपला श्वास कोणी मोजत आहे हे कळल्यावर माणूस तो नकळत बदलतो. अनेक वॉर्डांच्या टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्टवर सगळ्या रुग्णांचा श्वास दिवसरात्र २० असतो, आणि तो कसा आला हे आपण सगळेच जाणतो. प्रकृती ढासळू लागली की सर्वांत आधी हलणाऱ्या आकड्यांत श्वासाचा दर असतो, म्हणून नेमका तोच अंदाजाने लिहिणे फार महागात पडते. एसपीओटूचा (बोटावरच्या यंत्राने मोजलेल्या रक्तातल्या ऑक्सिजनचा) आकडा वाचण्याआधी बोट गार नाही ना, नखांवर रंग नाही ना, आणि यंत्रावरची नाडी हाताने मोजलेल्या नाडीशी जुळते ना, हे पाहावे. सीओपीडीच्या (श्वासनलिका अरुंद होण्याच्या जुनाट आजाराच्या) काही रुग्णांना ८८ ते ९२ टक्के एवढेच लक्ष्य डॉक्टरांनी ठरवून दिलेले असते. अशा रुग्णाचा ऑक्सिजन ९८ पर्यंत चढवणे ही मेहेरबानी नव्हे.

आकडे एकत्र वाचावेत

समजा पोटाचे ऑपरेशन होऊन दुसरा दिवस उलटलेला एक रुग्ण आहे. सकाळी त्याची नाडी ८८, रक्तदाब १२६, श्वास १८ आणि एसपीओटू ९७ होते. संध्याकाळी सहा वाजता श्वास २४, एसपीओटू ऑक्सिजनशिवाय ९४, वरचा रक्तदाब १०८, नाडी ११२ आणि ताप १००.८ फॅरनहाइट, म्हणजे ३८.२ सेल्सिअस आहे; तो शुद्धीवर आहे आणि व्यवस्थित बोलतो. यातला एकही आकडा सुटा पाहिला तर कोणी धावत येणार नाही. मात्र लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये आणलेल्या आणि २०१७ मध्ये सुधारलेल्या ‘न्यूज २’ या, प्रकृती ढासळत असल्याचा इशारा देणाऱ्या गुणपद्धतीने मोजले, तर श्वासाचे २, एसपीओटूचा १, रक्तदाबाचा १, नाडीचे २ आणि तापाचा १ असे एकूण ७ गुण होतात, आणि त्या पद्धतीत ७ म्हणजे तातडीची स्थिती. एकूण ५ किंवा ६ गुण झाले, अथवा एकाच बाबीत ३ गुण पडले, तरी डॉक्टरांनी लवकर येऊन पाहणे अपेक्षित असते. तुमच्या इस्पितळात ही पद्धत अधिकृतपणे वापरत नसतील तरी गुण मोजण्याची सवय लावून घ्यावी, कारण ‘मला काहीतरी वेगळे वाटते’ या म्हणण्याला तिने आधार मिळतो.

गुणांच्या पलीकडेही पाहावे लागते. बीटा ब्लॉकर (नाडी मंद ठेवणारे औषध) घेणाऱ्या रुग्णाची नाडी रक्तस्राव होऊनही कदाचित वाढणार नाही. वयाची सत्तरी ओलांडलेल्या आजीला गंभीर संसर्ग होऊनही कदाचित ताप येणार नाही. ती फक्त जेवणार नाही किंवा एकाएकी भलतेच बोलू लागेल. वर्षानुवर्षे १७० रक्तदाब अंगवळणी पडलेल्या माणसाला ११० म्हणजे खूपच खाली. म्हणून आजच्या आकड्याची तुलना त्याच रुग्णाच्या कालच्या आकड्याशी आधी करावी आणि पुस्तकातल्या आकड्याशी नंतर.

संभ्रम ओळखताना आपल्याकडे एक वेगळी अडचण येते. बांधकामावरच्या कन्नड बोलणाऱ्या मजुराला कोकणीत विचारलेला प्रश्न समजला नाही, म्हणून त्याच्या नावापुढे ‘संभ्रमित’ लिहू नये. आधी भाषा जाणणारा कोणीतरी शोधावा, आणि असा माणूस बहुधा शेजारच्याच खाटेपाशी सापडतो. काणकोणच्या म्हाताऱ्या आजोबांना आजची तारीख घरीही ठाऊक नसते. त्यांना चतुर्थी होऊन गेली का, गावचे फेस्त केव्हा असते, सोबत बसलेली ही कोण, असे विचारावे. नातेवाईक ‘बाबा काल असे बोलत नव्हते’ म्हणाले, तर ते संभ्रमाचे लक्षण समजूनच पुढे जावे आणि रक्तातली साखर व एसपीओटू लगेच पाहावे. तसेच ‘सिस्टर, म्हाका बरें दिसना’ एवढेच म्हणणारा रुग्ण तक्रारखोर आहे असे ठरवण्याआधी त्याचे सगळे आकडे नव्याने घ्यावेत.

ऑपरेशननंतरचे तास

थिएटरमधून रुग्ण वॉर्डात आला की पहिल्या तासात दर पंधरा मिनिटांनी आणि पुढे अर्ध्या तासाने पाहणी करण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी आहे. रक्तस्रावात नाडी आधी वाढते, हातपाय गार पडतात, रुग्ण अस्वस्थ होतो आणि रक्तदाब बऱ्याच उशिरा कोसळतो. त्यामुळे ‘बीपी नॉर्मल आहे’ या वाक्यावर विसंबू नये. पट्टीवरून हात फिरवून थांबू नये, कुशीखाली आणि पाठीखालीही हात घालून पाहावे, कारण वरून कोरड्या दिसणाऱ्या पट्टीखालून रक्त ओघळून चादरीत साचलेले असू शकते. पट्टीवरच्या डागाभोवती पेनने रेघ मारून वेळ लिहिली की तासाभराने तो पसरला की नाही, यावर चर्चा करावी लागत नाही. ड्रेन एकाएकी बंद झाला तर स्राव थांबला असेल किंवा नळी गुठळीने बंद झाली असेल, आणि दुसरी शक्यता आधी तपासायची असते.

लघवीचा हिशेब तासाचा ठेवावा. किलोमागे ताशी अर्धा मिलिलिटर हे किमान प्रमाण धरले, तर साठ किलोच्या माणसाची लघवी तासाला ३० मिलिलिटरपेक्षा कमी होता कामा नये. ती कमी दिसली तर आधी कॅथेटरची नळी मुडपली नाही ना आणि पिशवी खाटेच्या कठड्यावर चढवून ठेवलेली नाही ना, ते पाहावे. नळी ठीक असून सलग दोन तास लघवी कमीच राहिली तर डॉक्टरांना कळवावे.

वेदनेविषयी नवीन मंडळी दोन टोकांना जातात. एक गट ‘ऑपरेशन झाले आहे, दुखणारच’ म्हणतो, आणि मग दुखण्यामुळे रुग्ण खोकत नाही, खोल श्वास घेत नाही, छातीत कफ साचतो. दुसरा गट मागितले की इंजेक्शन देतो. शून्य ते दहाच्या मापावर वेदना विचारावी, पण रुग्ण निपचित पडून असताना विचारू नये. उशी पोटाशी धरून खोकायला सांगावे आणि तेव्हा विचारावे. मॉर्फिनच्या जातीचे औषध देण्याआधी गुंगी आणि श्वासाचा दर पाहिलाच पाहिजे, कारण श्वास मंदावण्याच्या आधी रुग्ण जास्त जास्त झोपाळू होत जातो. बोलता बोलता डोळे मिटणाऱ्या रुग्णाचा पुढचा डोस रोखून धरावा आणि डॉक्टरांना विचारावे. औषध दिले असते तर रुग्ण शांत झाला असता, असे नातेवाईक त्या वेळी म्हणतील, तरीही रोखावे.

पावसाळ्यातला ताप

जून ते ऑक्टोबर मेडिसिन वॉर्ड तापाच्या रुग्णांनी भरलेला असतो. डेंग्यूच्या बाबतीत लक्षात ठेवायचे ते असे की धोक्याचा काळ बहुधा ताप उतरतानाच, आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान येतो. चार दिवस फणफणलेल्या मुलाचे अंग थंड लागले म्हणून घरचे सुटकेचा श्वास टाकतात, घरी कधी सोडणार म्हणून विचारतात, आणि नेमकी त्याच वेळी रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपून रक्तदाबाचे वरचे व खालचे आकडे एकमेकांजवळ येऊ लागतात. १०० वर ८० हा रक्तदाब वरून पाहता बरा वाटतो, पण दोन आकड्यांतले अंतर २० किंवा त्याहून कमी झाले तर तो शॉकचा इशारा आहे. जोरात पोट दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, सुस्ती किंवा अस्वस्थपणा, यांतले काहीही दिसले तर पाहणीची वेळ चार तासांवरून एका तासावर आणावी आणि डॉक्टरांना बोलवावे. अशा रुग्णाला स्नायूत इंजेक्शन देऊ नये. घरून आणलेल्या औषधांच्या पिशवीत ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन नाही ना, हेही पाहावे. प्लेटलेटच्या आकड्यावर सगळ्या घराचे डोळे लागलेले असतात, परंतु वाढत जाणारा हिमॅटोक्रिट (रक्तातले तांबड्या पेशींचे प्रमाण) तेवढाच, किंबहुना अधिक बोलका असतो.

भाताच्या शेतात गुडघाभर चिखलात उभे राहून काम केलेला माणूस ताप, डोळ्यांची लाली आणि पोटऱ्यांच्या असह्य दुखण्याने आला तर लेप्टोस्पायरोसिसची (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाची) शक्यता डॉक्टरांच्या कानावर घालावी आणि लघवी मोजायला पहिल्याच तासापासून सुरुवात करावी. सत्तरी तालुक्यातला रुग्ण उन्हाळ्यात तापाने आला तर तो काजूच्या बागायतीत किंवा जंगलात जातो का, हे विचारण्यासारखे आहे. जंगलातल्या गोचिडींमुळे होणाऱ्या माकडतापाचा हंगाम साधारण जानेवारी ते मे असतो.

शेवटची केव्हा घेतली होती?

दारूबद्दलचा हा प्रश्न रुग्णाला दाखल करतानाच विचारायचा आहे. दुचाकीवरून पडून पाय मोडलेला चाळिशीचा माणूस ऑर्थोपेडिक वॉर्डात येतो, प्लॅस्टर होते, दोन दिवस तो शहाण्यासारखा पडून राहतो, आणि तिसऱ्या रात्री सलाइन उपटून, घामाघूम होऊन, भिंतीवर किडे दिसतात म्हणत खाटेवरून उतरू पाहतो. रोज दारू पिणाऱ्याची ती अचानक तुटली की थरथर, घाम आणि नाडीची वाढ बहुधा सहा ते चोवीस तासांत सुरू होते, आकडी पहिल्या दोन दिवसांत येऊ शकते आणि भ्रमाची गंभीर अवस्था साधारण ४८ ते ९६ तासांत येते. दाखल झाल्याची वेळ ठाऊक असेल तर ही तिसरी रात्र आधीच दिसायला हवी. ‘दारू पिता का?’ असे विचारले तर बायकोसमोर उत्तर ‘नाही’ किंवा ‘सणासुदीला’ असे येते. तिला पाणी आणायला पाठवून, कपाळावर आठी न आणता, ‘फेणी की व्हिस्की, रोज किती, शेवटची केव्हा’ असे विचारावे. एप्रिल-मे महिन्यांत उर्राकही (काजूची हलकी दारू) विचारावा, कारण कित्येक जण त्याला दारूत धरतच नाहीत.

भ्रम झालेल्या रुग्णाला बांधून ठेवणे हा पहिला उपाय नव्हे. साखर आणि ऑक्सिजन तपासावेत, डोक्याला मार लागला होता का ते कागदांवर पाहावे, दिवा लावावा, ओळखीचे माणूस जवळ बसवावे आणि डॉक्टरांना ताबडतोब बोलवावे. अशा रुग्णाला ग्लुकोजची सलाइन लावण्याचा आदेश आला तर थायमिन (बी१ जीवनसत्त्व) आधी द्यायचे का, हे परिचारिकेने विचारलेच पाहिजे. साखर खूपच खाली गेली असेल तर मात्र थायमिनसाठी ग्लुकोज अडवून ठेवू नये.

साखर आणि सिरिंज

आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी अभ्यासात मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के, आढळले होते. म्हणजे हर्नियासाठी किंवा फ्रॅक्चरसाठी आलेल्या रुग्णालाही मधुमेह असेल असे धरूनच चालावे. ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेल्या रुग्णाचे सकाळचे इन्सुलिन आणि गोळ्या यांचे काय करायचे, हे आदल्या रात्रीच विचारून लिहून घ्यावे. साखर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली आणि रुग्ण गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावी आणि गरज पडल्यास पुन्हा द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता शिरेतून डेक्स्ट्रोज देण्यासाठी हाक मारावी.

आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या मिलिलिटरला ४० युनिटच्याही मिळतात आणि १०० युनिटच्याही, आणि सिरिंजही दोन प्रकारच्या असतात. ४० ची साधारणपणे लाल टोपणाची, १०० ची नारिंगी. शंभरच्या बाटलीतले इन्सुलिन चाळीसच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरले तर रुग्णाच्या अंगात ५० युनिट जातात. बाटली आणि सिरिंज शेजारी शेजारी धरून, दुसऱ्या सिस्टरला दाखवून मगच सुई टोचावी. मधुमेही रुग्णाच्या बाबतीत आणखी एक: त्याला हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येऊ शकतो. एकाएकी घाम, दम किंवा मळमळ सुरू झाली तर अॅसिडिटीचे औषध शोधण्याआधी दहा मिनिटांच्या आत ईसीजी व्हायला हवा.

डॉक्टरांना कळवणे

‘डॉक्टर, बारा नंबरचा पेशंट जरा बरा नाही’ एवढ्याच निरोपावर ‘बघतो, येतो’ असे उत्तर मिळते आणि त्यात डॉक्टरांचा फारसा दोष नसतो. फोन उचलण्याआधी केस पेपर समोर ठेवावा आणि चार गोष्टी या क्रमाने सांगाव्यात: आत्ता काय झाले आहे, रुग्ण कोण आणि कशासाठी दाखल, मी काय पाहिले, आणि मला तुमच्याकडून काय हवे. वर आलेल्या, पोटाचे ऑपरेशन झालेल्या रुग्णाबद्दलचा फोन असा असेल: ‘डॉक्टर, सर्जिकल वॉर्डातून स्टाफ नर्स बोलते. खाट बाराच्या रुग्णाचे न्यूज गुण सकाळी शून्य होते, आत्ता सात आहेत. परवा आतड्याचे ऑपरेशन झाले आहे. श्वास २४, नाडी ११२, बीपी १०८, ताप १००.८, पोट सकाळपेक्षा कडक लागते, गेल्या दोन तासांत मिळून लघवी ४० मिलिलिटर. मी त्याला उशाकडून उंच केले आहे आणि व्हेनफ्लॉन चालू असल्याची खात्री केली आहे. तुम्ही आत्ता येऊन पाहावे असे मला वाटते. तोवर काही तपासण्या पाठवू का?’ फोनवर मिळालेला आदेश मोठ्याने वाचून दाखवावा आणि वेळेसह लिहावा. ठरलेल्या वेळात कोणी आले नाही तर पुन्हा फोन करावा, आणि तरीही नाही तर वॉर्ड सिस्टरला सांगून वरिष्ठ डॉक्टरांपर्यंत जावे. यात उद्धटपणा नाही.

परिचारिकेने स्वतः करायच्या आणि आदेशासाठी थांबायच्या गोष्टींतली सीमा पहिल्याच आठवड्यात वॉर्ड सिस्टरकडून समजून घ्यावी. रुग्णाची झोपण्या-बसण्याची स्थिती बदलणे, इस्पितळाच्या नियमात बसेल तसा तातडीचा ऑक्सिजन लावणे, रक्त चढताना थंडी वाजून ताप आला तर रक्त तत्काळ थांबवणे, शंका असलेला डोस रोखणे, एवढे सामान्यतः ताबडतोब करायचे असते. रक्त लावल्यावर पहिली पंधरा मिनिटे खाटेपासून हलू नये.

नोंद आणि पाठवणी

केस पेपरवर ‘रुग्ण ठीक, तक्रार नाही’ ही नोंद निरुपयोगी आहे. काय पाहिले, किती वाजता, कोणाला कळवले, त्यांनी काय सांगितले आणि त्यानंतर रुग्णात काय फरक पडला, हे लिहावे. विसरलेली नोंद नंतर भरताना भरण्याची खरी वेळ घालावी. जुनी वेळ घालून मध्ये घुसडू नये.

छोट्या इस्पितळातून रुग्णाला बांबोळीला पाठवायचे ठरले तर १०८ ची गाडी येईपर्यंतचा वेळ नातेवाईकांच्या प्रश्नांत सहज निघून जातो. त्याआधी तिकडच्या ड्युटी डॉक्टरांशी आपल्या डॉक्टरांचे बोलणे झाले आहे याची खात्री करावी. सोबतच्या कागदावर शेवटचे आकडे, प्रत्येक औषधाच्या शेवटच्या डोसाची वेळ, शेवटचे खाणे-पिणे, ॲलर्जी आणि लघवीचा हिशेब ठळक लिहावा. युरोबॅग रिकामी करून, दोन चालू शिरा पाहून, गाडीतल्या सिलिंडरमध्ये वाटभर पुरेल एवढा ऑक्सिजन आहे का ते विचारून घ्यावे, आणि स्ट्रेचर हलवण्याच्या अगदी आधी नाडी, रक्तदाब व श्वास पुन्हा एकदा मोजून त्याच कागदावर वेळेसह उतरवावेत.